फोन लावायला परवानगी कुणाची? उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च शिक्षण मंत्री यांस,
स. न. वि. वि.

आपत्ती व्यवस्थापन आराखडा आहे का, असे कुठल्याही विद्यापीठाला विचारा. आहे, असेच उत्तर येईल. समिती असते, बैठकांचे इतिवृत्त असते, जिन्यापाशी लाल अग्निशामक टांगलेले असतात. माझा प्रश्न साधा आहे. रात्री दोन वाजता वसतिगृहात मुलगा कोसळला, तर रुग्णवाहिका बोलावण्याचा अधिकार कुणाला?

रेक्टर म्हणून मी जे पाहिले ते असे. मुले पहारेकऱ्याकडे धावतात. तो सुपरवायझरला फोन लावतो, सुपरवायझर रेक्टरला, रेक्टर सुरक्षा अधिकाऱ्याला. प्रत्येक जण आधी विचारतो, "नक्की काय झालंय?" पहारेकरी कंत्राटी. उगाच गाडी बोलावली म्हणून उद्या घरी बसवतील, ही त्याची धास्ती काही खोटी नसते. इकडे हृदय बंद पडलेल्याच्या छातीवर दाब देणारे कुणी नसेल, तर त्याची वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते.

यंत्रणा नसल्यामुळेच उशीर होतो असे नाही. १६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. सर्वांना सावध करणारा पहिला ई-मेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. विद्यापीठाचे स्वतःचे पोलीस होते, पण असा संदेश परस्पर पाठवण्याची सोय त्यांच्या हाती नव्हती. निर्णय वरिष्ठांच्या गटाने घ्यायचा होता. ई-मेल गेल्यानंतर थोड्याच वेळात मारेकरी वर्गांमध्ये शिरला. त्या दिवशी एकूण ३२ जण मारले गेले. पुढे २००८ मध्ये तिथल्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याची खात्री पटताच विनाविलंब सूचना देणे व ही व्यवस्था दरवर्षी तपासणे विद्यापीठांना बंधनकारक झाले.

दारांबद्दलही लिहायलाच हवे. संकटकालीन दाराला कुलूप घालायचे आणि वर 'बाहेर पडण्याचा मार्ग' असा हिरवा फलक लावायचा, हा प्रकार मुलींच्या वसतिगृहांत तर 'सुरक्षेसाठी' म्हणून चालतो. किल्ली कुणाकडे? 'असेल ऑफिसात.' इंग्लंडमधील संडरलँड येथे १८८३ साली एका सभागृहाच्या जिन्याखालचे दार एका वेळी एकच मूल जाईल एवढेच उघडे ठेवून खिटी लावली होती. चेंगराचेंगरीत १८३ मुले गेली. आतून नुसते ढकलले की उघडणारा आडवा दांडा अशा दुर्घटनांनंतरच आला. तो बसवला की बाहेरून दार बंद राहते आणि आतल्यांना किल्ली लागत नाही. चोरीची भीती असेल तर दार उघडताच वाजणारा भोंगा जोडा.

म्हणून विनंती नव्या समितीची नाही. एक परिपत्रक काढा: पहारेकरी, सफाई कर्मचारी, विद्यार्थी, ज्याला धोका दिसेल त्याने आधी थेट फोन करायचा, वरिष्ठांना नंतर कळवायचे. रात्रपाळीच्या प्रत्येकाला छातीवर दाब देण्याचे प्रशिक्षण द्या, कंत्राटदार बदलला की नव्या माणसांना पुन्हा द्या. इमारतींची नावे अंधारातही वाचता येतील अशी लावा. बाहेरून आलेल्या चालकाला 'ग्रंथालयाच्या मागची इमारत' म्हणजे कुठली ते कसे कळणार?

मॉक ड्रिलही सध्या नोटीस लावून, सकाळी अकराला, छायाचित्रकाराच्या साक्षीने होते. ती न सांगता, सुट्टीतल्या रात्री घ्या. पहिल्या हाकेपासून मदत खोलीपर्यंत पोहोचायला किती मिनिटे लागली, ते प्रत्येक विद्यापीठाने जाहीर करावे. सुरुवातीला आकडे लाजिरवाणे येतील, येऊ द्यात. आणि फोन अनाठायी ठरला तरी तो करणाऱ्याला कारणे दाखवा नोटीस मिळणार नाही, कंत्राटदारही त्याला काढणार नाही, हे त्याच परिपत्रकात स्पष्ट लिहा. त्या एका ओळीविना बाकीचे सगळे फायलीतच राहील.

आपला,
एक निवृत्त रेक्टर