दानीएलाच्या त्या वचनाबद्दल

ठाणे

चि. बाळास,
शालोम आणि अनेक आशीर्वाद.

बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातलं, अकराव्या अध्यायातलं तेहेतिसावं वचन तू फोनवर वाचून दाखवलंस आणि विचारलंस, "आई, शहाण्यांनी लोकांना नीट समजावलं, तरी तलवारीला तेच बळी पडले. मग देव कुणाच्या बाजूचा?" असल्या प्रश्नाला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणं मला पटेना, म्हणून लिहायला बसले.

वचनाचा आशय असा: लोकांमधले सुज्ञ पुष्कळांना समज देतील, तरी काही काळ ते तलवार आणि आग, कैद आणि लूट यांना बळी पडतील. ते चुकले म्हणून पडले, असं दानीएल कुठेही म्हणत नाही. त्यांनी पाप केलं, विधी मोडला, प्रार्थनेत कमी पडले, यातलं काहीसुद्धा तिथे नाही. कुणावर संकट आलं की चार माणसं आधी त्याच्या हातून काय चुकलं असेल ते शोधायला लागतात. या वचनात त्या शोधाला जागाच नाही. मला त्याचा पहिला अर्थ हाच दिसतो.

आता हे सुज्ञ कोण? सिरियातल्या सेल्युकिड घराण्याचा अँटिओकस एपिफेनिस इ.स.पू. १७५ मध्ये गादीवर आला. इ.स.पू. १६८ मध्ये इजिप्तच्या स्वारीतून रोमच्या वकिलाने त्याला माघारी फिरवलं. तो अपमान गिळून परतला आणि राग ज्यूंच्या यरुशलेमवर काढला. पुढच्याच वर्षी मंदिरात झ्यूस या ग्रीक देवाची वेदी उभी राहिली. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पाळायला बंदी, मुलाची सुंता करायला बंदी, तोराची, म्हणजे धर्मशास्त्राची, गुंडाळी घरात ठेवायला बंदी, आणि शिक्षा एकच, मृत्यू. परंपरा या अध्यायाला बाबेलातल्या दानीएलाचं भाकीत मानते. बहुतेक अभ्यासक म्हणतात की तो याच छळाच्या दिवसांत लिहिला गेला. मला दुसरं पटतं. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांदेखत ओळखीची माणसं मरत होती, आणि तरी त्याने खोटा दिलासा दिला नाही, म्हणून मला तो जास्त जवळचा वाटतो.

त्या काळातल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. एलाजार, नव्वदीचा शास्त्री. जबरदस्तीने तोंडात कोंबलेलं डुकराचं मांस त्याने थुंकून टाकलं. तिथे नेमलेल्या लोकांत त्याच्या जुन्या ओळखीचे होते. त्यांनी त्याला बाजूला घेतलं आणि सुचवलं की तुला चालेल असं मांस तूच तयार करून आण, ते खा आणि राजाने सांगितलेलंच खातोयस असं दाखव. जीव वाचला असता, नियमही मोडला नसता. त्याने नकार दिला. कारण काय दिलं बघ. नव्वदाव्या वर्षी एलाजार परक्यांच्या धर्मात गेला असं तरुण पोरांना वाटेल, आणि उरलेल्या चार दिवसांच्या आयुष्यासाठी मी त्यांची दिशाभूल करणार नाही. मग त्याला मारहाण करून मारलं.

'पुष्कळांना समज देतील' म्हणजे काय, हे मला त्याच्या नकारात कळतं. शिकवणं आणि पडणं या दोन वेगळ्या गोष्टी राहिल्याच नाहीत. त्याचा शेवटचा धडा त्याचं पडणं हाच होता. आणि तू विचारलंस देव कुणाच्या बाजूचा; एलाजारने तो प्रश्न विचारला नाही. आपण कुणाच्या बाजूचे, एवढंच त्याने ठरवलं.

पुढचं चौतिसावं वचन म्हणतं की ते पडतील तेव्हा त्यांना थोडीशी मदत मिळेल. ही मदत म्हणजे मक्काबी, अँटिओकसविरुद्ध लढलेलं ज्यू घराणं, असं बरेच जण समजतात. लढाया, विजय, इ.स.पू. १६४ मध्ये मंदिराचं शुद्धीकरण, त्याची आठवण म्हणून आपला हनुक्काचा सण, हे सगळं दानीएलाच्या हिशेबात 'थोडीशी'! तलवारीच्या यशाने तो भारावून जात नाही. शिवाय लगेच बजावतो की पुष्कळ जण गोड बोलून त्यांना येऊन मिळतील.

पस्तिसाव्या वचनापाशी मात्र जपून. तिथे म्हटलंय की सुज्ञांपैकी काही पडतील ते शुद्ध व्हावेत, शुभ्र व्हावेत म्हणून. हे वाक्य ज्याच्यावर बेतलंय त्याने स्वतःबद्दल म्हणावं. सुरक्षित घरात बसून दुसऱ्याच्या दुःखाबद्दल ते म्हणू नये. कुणाचा मुलगा गेला असेल तिथे जाऊन 'देव शुद्ध करतोय' असं सांगितलंस तर ते वचन तू त्या घरावर दगडासारखं मारलंस असं होईल.

इतिहास म्हणून तुला हेही सांगते. सुमारे ११७२ मध्ये येमेनच्या ज्यूंवर धर्म बदलण्याची सक्ती झाली, तेव्हा रंबामने, म्हणजे मैमोनिदेस या ज्यू पंडिताने, त्यांना लांबलचक पत्र लिहिलं आणि ते गावोगावच्या लोकांना वाचून दाखवा असं कळवलं. त्याचं स्वतःचं घराणं अशाच छळामुळे स्पेनमधलं कोर्दोबा सोडून निघालेलं होतं. या वचनातला सुज्ञ मला तिथेही भेटतो.

आणि आपण? आपल्या बेने इस्राएलांत, म्हणजे कोकणातल्या ज्यूंत, पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. आपला इतिहास लिहिणाऱ्या केहिमकरांनी ते पूर्वज अँटिओकसच्याच छळातून निघाल्याचं लिहिलंय. आपल्या जुन्या सणांत हनुक्का नव्हता, नव्याचा सण होता, बिरड्याचा रोजा होता. यावरून जुनी माणसं म्हणत की मंदिर शुद्ध होण्याआधीच आपण निघालो. ही परंपरा आहे, तिला लेखी पुरावा नाही. पण खरी धरली तर बघ काय होतं. ज्या शब्बाथसाठी तिकडे माणसं जिवंत जाळली, तोच शब्बाथ पाळून कोकणात आपले लोक शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे, आणि शेजारच्यांनी काय केलं? 'शनवार तेली' असं नाव ठेवलं, झालं. ना राजाचा हुकूम, ना शिपाई. हिब्रू विसरलो, पोथ्या गेल्या, तरी शमाची प्रार्थना आणि सुंता टिकली, ती आपल्या निष्ठेने आणि त्या गावांच्या चांगुलपणाने. २००८ मध्ये मुंबईवरच्या हल्ल्यात नरिमन हाउस या ज्यू केंद्रामध्ये माणसं मारली गेली ती ज्यू म्हणूनच, ते मी विसरलेले नाही. मारेकरी समुद्रापलीकडून आले होते. शेजारी रडले.

म्हणून तुला कळकळीने सांगते, तुझा मित्र या वचनात आजच्या शत्रूंची नावं बसवतो आणि वर्षं मोजतो, त्याच्या नादी लागू नकोस. बाराव्या अध्यायातले १२९० आणि १३३५ दिवस घेऊन किती पिढ्यांनी हिशेब मांडले, आणि तालमूदने, आपल्या रब्बींच्या ग्रंथाने, तर जगाच्या शेवटाचा हिशेब करणाऱ्यांना सरळ शाप दिलाय. वचन स्वतःच म्हणतं की नेमलेली वेळ अजून यायची आहे. जगात कुठेही, कुठल्याही धर्माच्या माणसाला त्याची प्रार्थना करायला बंदी होते, तेव्हा ते त्याचंही वचन असतं, असं मी मानते. तो माणूस आपला नसेल, आपल्याला आवडत नसेल, तरीही.

एलाजारची गोष्ट आपल्या तनाखमध्ये, म्हणजे हिब्रू बायबलमध्ये, सापडणार नाही. कॅथलिकांच्या बायबलमध्ये आहे, दुसऱ्या मक्काबीचा सहावा अध्याय. ती आधी वाच आणि मग दानीएलाचा बारावा अध्याय वाच, तिसऱ्या वचनाशी थांब. तिथे हेच सुज्ञ पुन्हा येतात. त्यावर तुझं काय म्हणणं आहे ते मला लिही. फोन नको, पत्रच पाठव.

तुझी,
आई