वह्यावाटपाबद्दल थोडं

प्रिय पोरी,

काल फोनवर म्हणालीस की पंधरा ऑगस्टला तुमच्या शाळेत गरजू मुलांना स्टेजवर बोलवून वह्या द्यायच्यात, फोटोपण काढायचेत आणि सगळं तुझ्यावर सोपवलंय. तू खूश होतीस म्हणून गप्प बसलो, पण रात्री झोप काय लागली नाही, म्हणून लिहितोय, रागावू नकोस.

मी सहावीत असताना मलापण असंच बोलावलेलं. त्या वर्षी पावसाने मोगऱ्याची वाट लावलेली, आजोबांची दादरला फुलं विकायची फेरी बंद, घरात पैसाच नाही. खाकी कागदात बांधलेला युनिफॉर्म, वर सुतळी, समोर अख्खी शाळा टाळ्या वाजवतेय आणि खाली उतरलो तर बेंचवरचा पोरगा म्हणतो, तुला फुकट मिळाला ना रे. पँट दोन साईज मोठी होती, आजीने आतून दुमडून शिवली, उंची वाढली तशी एकेक दुमड सोडली, पण जुन्या टाक्यांची रेघ काय जाईना, कोणी पायाकडे बघितलं की मला वाटायचं तीच बघतोय. देणारे लोक चांगलेच होते गं. पण उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये हे आपण चर्चमध्ये मिस्साला ऐकतो आणि शाळेत माईक लावून देतो.

बरं, कायद्याचं बघ. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, गरीब मुलांसाठीच्या 25 टक्के जागा आपल्या मायनॉरिटी शाळांना लागू नाहीत, 2014 ला सुप्रीम कोर्टाने तसं सांगितलं. ठीक आहे, पण कायद्याने सोडलं म्हणून येशूने पण सोडलं का? फी परवडत नाही म्हणून जो दारातच आला नाही त्याचा फोटो कोण काढणार.

आणि तुमच्या त्या झाडूवाल्या मावशी. आजारी पडल्या तर दोन दिवसांचे पैसे कापले म्हणालीस, कॉन्ट्रॅक्टरच्या आहेत म्हणून शाळा काही करू शकत नाही म्हणे. तेराव्या लिओ पोपनी 1891 मध्ये रेरुम नोव्हारुम नावाचं मजुरांबद्दलचं पत्र लिहिलं त्यात हेच आहे, की मजूर नाइलाजाने कमी पगाराला हो म्हणाला तर तो सौदा नाही, अन्यायच. आत्ताच्या पोपनी 2025 मध्ये लिओ नाव घेतलं ते मुख्य म्हणजे या पत्राची आठवण ठेवून. टीचर्स मीटिंगमध्ये तू नवीन आहेस, भीती वाटणार, पण एकदा विचारून तर बघ.

वह्यांचं म्हणशील तर वर्गात सगळ्यांनाच सारख्या द्या, ज्याला जमेल त्या पालकाने ऑफिसात बंद पाकिटात पैसे टाकावे. स्टेजवर मुलांना नाचू दे.

आईने सुकेळी पाठवलीय, दोन पुड्या आहेत. एक मावशींना दे. आणि त्यांचं नाव विचार, मागच्या वेळी मी विचारलं तेव्हा तुला सांगता आलं नव्हतं.

तुझा,
बाबा