मागच्या कप्प्यात पाणी ओतण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरगुती मत्स्यालयांविषयी जे लेखन वाचायला मिळते, त्यात माशांच्या जाती, त्यांचे खाद्य आणि त्यांचे रोग यांना भरपूर जागा असते. पण ज्या यंत्रणेच्या भरवशावर ते मासे जगतात, तिची बोळवण एखाददुसऱ्या वाक्यात होते. ‘ऑल-इन-वन’ प्रकारच्या टाकीत फिल्टरचे कप्पे टाकीतच, मागच्या बाजूला काळ्या पडदीआड बसवलेले असतात. या टाक्या पाळणाऱ्यांची नेहमीची तक्रार म्हणजे पंपाच्या कप्प्यातले पाणी सारखे खाली जाते. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो : कमी झाले की ओता. पाणी ज्या कारणांनी कमी होते, त्यांपैकी एका कारणापुरता हा सल्ला अगदी बरोबर आहे. दुसऱ्या एका कारणात मात्र त्याच सल्ल्याने फरशीवर पाणी होते, म्हणून हे पत्र.

आधी पाण्याची वाट पाहू. टाकीतले पाणी पडदीच्या वरच्या अंगाला असलेल्या कंगव्यासारख्या फटींतून पहिल्या कप्प्यात उतरते, तिथून स्पंज आणि जिवाणूंसाठी ठेवलेल्या सच्छिद्र खड्यांमधून पुढे सरकते आणि शेवटच्या कप्प्यात पोहोचते, जिथला पंप ते नळीवाटे पुन्हा टाकीत सोडतो. या रचनेत टाकीतली पातळी पंप ठरवत नाही, कंगव्याची उंची ठरवते. पाणी त्या उंचीच्या वर आले की मागे उतरणारच. त्यामुळे बाष्पीभवनाने टाकीतले पाणी उडाले, तरी पुढची पातळी जवळजवळ हलत नाही आणि सगळी घट शेवटच्या कप्प्यात दिसते.

ही घट किती मोठी भासते, ते हिशेब केल्याशिवाय पटत नाही. समजा, टाकीचा पृष्ठभाग ६० बाय ३० सेंटिमीटर आहे आणि दिवसभरात २ मिलिमीटर पाणी उडाले. हे पाणी ३६० मिलिलिटर झाले, म्हणजे दीड-दोन पेले. पण पंपाचा कप्पा १० बाय १० सेंटिमीटरचा असेल, तर त्यात हीच घट ३.६ सेंटिमीटर दिसते आणि काच फुटली की काय, अशी शंका येते. झाकण काढून ठेवलेले असेल, वर पंखा फिरत असेल किंवा हवा कोरडी असेल, तर घट याहूनही वाढते. यावर गोड्या पाण्याची भर घालणे हाच उपाय आहे. नळाचे पाणी असेल, तर त्यातले क्लोरिन आधी काढून टाकावे. खाऱ्या पाण्याच्या टाकीतसुद्धा भर गोड्या पाण्याचीच घालायची असते, कारण वाफ होऊन जाते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते. ६० लिटर पाण्यातून ३ लिटर उडाले, तर हजार भागांमागे ३५ असलेली क्षारता जवळपास ३७ वर जाते. तिथे खारे पाणी ओतणे म्हणजे ती आणखी चढवणे.

खरी गफलत यापुढे होते. कंगव्याच्या फटींत वनस्पतींची पाने, शेवाळ किंवा एखादी गोगलगाय अडकली, तर पाणी मागे यायचे थांबते. पंप मात्र मागचे पाणी पुढे ढकलतच राहतो. पंपाचा कप्पा रिकामा होतो आणि टाकीतली पातळी कंगव्याच्या वर चढू लागते. अशा वेळी मागे पाणी ओतले, तर ते कप्प्यात थांबत नाही, पंप ते उचलून आधीच काठोकाठ आलेल्या टाकीत टाकतो. बाष्पीभवन आणि तुंबलेल्या फटी या दोहोंत शेवटचा कप्पा सारखाच रिकामा दिसतो, पण फरक पुढच्या काचेवर स्पष्ट असतो : पातळी नेहमीच्या जागी असेल तर पाणी उडाले आहे, नेहमीपेक्षा वर असेल तर वाट अडली आहे. दोन्ही बाजू पाहायला अर्धे मिनिट पुरते. ते अर्धे मिनिट कुणी देत नाही, हीच अडचण आहे.

स्पंज तुंबला की चित्र थोडे वेगळे दिसते. स्पंजाच्या अलीकडे पाणी तुंबून उंच राहते आणि पलीकडच्या कप्प्यांत खाली जाते. पंप चालू ठेवून स्पंज किंवा त्यावरचा कापसाचा थर क्षणभर उचलावा. पाणी एकदम पुढे धावले आणि शेवटच्या कप्प्यातली पातळी बघता बघता वर आली, तर गुन्हेगार सापडला. मग तो स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून काढावा. नळाच्या क्लोरिनयुक्त धारेखाली घासून धुतल्यास अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे उपयुक्त जिवाणू मरतात, आणि आज पातळी सुधारली तरी पुढच्या काही दिवसांत मासे आजारी पडण्याची वेळ येते. कापसाचा थर दाट बसवला म्हणजे पाणी अधिक स्वच्छ होते, असा एक लाडका समज आहे. अति दाट थर पाणी गाळत नाही, अडवतो.

कधी कुठेच काही अडकलेले नसते आणि तरीही कप्पा उपसला जातो. तेव्हा पंप त्या फटींच्या मानाने जास्त ताकदीचा असतो. अधिक प्रवाह म्हणजे अधिक शुद्धी, या समजुतीने मूळ पंप काढून मोठा बसवला जातो, पण कंगव्याच्या फटी तेवढ्याच राहतात. पंपाला प्रवाह कमी करणारी चकती असल्यास ती फिरवून पाहावी. पातळी स्थिर झाली तर वेगळ्या दुरुस्तीची गरज नाही. पंप बंद केल्यावर टाकीतले थोडे पाणी मागे उतरते आणि कप्पा भरलेला दिसतो, म्हणून पातळी पाहायची ती पंप चालू करून, प्रवाह स्थिरावल्यावरच. गळतीची भीती सर्वांनाच वाटते, पण ती क्वचित असते. काचेच्या सांध्यांवरून कोरडा कागद फिरवला तर ओल लगेच कळते.

पातळी खाली गेलेली चालवून घेणे मात्र धोक्याचे आहे. पंपाच्या तोंडाशी पाणी आले की तो हवा ओढतो, टाकीत बारीक बुडबुडे येतात आणि घरघर ऐकू येते. पाणी हेच त्याचे वंगण आणि तेच त्याला थंड ठेवणारे असल्याने कोरडा चाललेला पंप तापून बिघडतो. त्याहून वाईट म्हणजे अनेकदा हीटरही त्याच कप्प्यात असतो. उघडी पडलेली तापलेली काच गार पाणी पडताच तडकू शकते, आणि तिच्यात वीज खेळत असते. म्हणून उघडा पडलेला हीटर दिसला, तर आधी प्लग काढावा, तो निवू द्यावा आणि मगच पाण्याला हात लावावा.

पाणी आपोआप भरणारे यंत्र यावरचा उपाय म्हणून सुचवले जाते. ते सोयीचे आहे, पण त्याचा तरंगता सेन्सर शेवटच्या कप्प्यातच बसतो आणि तिथले पाणी का घटले, हे त्याला कळत नाही. फटी तुंबल्या असतील, तर ते यंत्र माणसाइतकेच निष्ठेने पाणी ओतत राहील. त्याच्या साठ्याच्या डब्यात टाकी ओसंडेल एवढे पाणी एका वेळी भरू नये.

यातले पुष्कळसे उत्पादकांना सहज टाळता येईल. पंपाच्या कप्प्यावर पाण्याची किमान रेघ काही टाक्यांवर असते, पण पुढच्या काचेवर कमाल रेघ अभावानेच दिसते, आणि माहितीपुस्तिकेत टाकी कशी जोडावी हे पानोपानी सांगून पाणी का घटते याचा उल्लेखही नसतो. पुढच्या काचेवर एक रेघ आणि पुस्तिकेत एक परिच्छेद, एवढी दुरुस्ती खर्चाची नाही. टाक्या विकणाऱ्यांनीही ग्राहकाला पंप चालू करून दोन्ही बाजूंची पातळी दाखवावी आणि नंतरच पैसे घ्यावेत, अशी आपल्या दैनिकाद्वारे विनंती आहे.

आपला,
मत्स्यालय सांभाळणारा एक वाचक