झेंडा धरणाऱ्याला मीच पाठवलं होतं

आई, बाबा,

फोनवर सांगायला दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा आईने "जेवलीस का" विचारलं आणि सांगायचं राहूनच गेलं. म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

आधी हे, की मी बरी आहे. जेवतेय, झोप आता येते. साखळीच्या पुढे झालेल्या अपघाताचं काकांनी तुम्हाला सांगितलंच असणार, आणि कसं सांगितलं असेल तेही मला माहीत आहे, ड्रायव्हरला डोळा लागला, पोरगा गेला, तुमच्या मुलीला काही झालं नाही देवाची कृपा. तेवढंच खरं नाहीये. काल मी पोलीस स्टेशनला जाऊन पुरवणी जबाब दिला आणि रस्त्याच्या कामाची ती नोकरी सोडली. दोन्ही करून झालंय. विचारलं असतं तर तुम्ही काळजीने थांबवलं असतं आणि मी थांबले असते, म्हणून नाही विचारलं. रागावू नका.

काय झालं ते सांगते. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेचं गवत पुरुषभर वाढतं ते दिवाळीआधी कापायचं काम होतं, आमची आठ माणसं, दोन मशीन. सकाळी सात वाजता मालकाचा फोन आला की डिचोलीच्या साइटवर माणूस कमी आहे, एक पाठव. मशीनवाला पाठवला तर काम अडतं, म्हणून मी लाल झेंडा घेऊन वळणावर उभा राहणारा माणूस पाठवला. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे म्हटलं. बाबा, हे लिहायला मला तीन दिवस लागले.

गाडी भाजीची पिकअप. रात्रभर बेळगावहून चोर्ला घाटाने उतरून भाजी पोचवली आणि रिकामी परत निघालेली, समोरून ऊन डोळ्यांत. जो पोरगा गेला तो गवत कापत होता, त्याने कानात कापूस घातलेला, मशीनचा आवाज एवढा असतो की मागे ट्रक आला तरी कळत नाही, म्हणूनच तर झेंडेवाला लागतो, त्याचे कान आणि पाठीचे डोळे म्हणजे तो माणूस. आणि गाड्यांना सावध करायला रस्त्यावर ठेवतात ते आमचे कोन कुठे होते तर त्याच्यापासून १५ मीटरवर. आपल्या पडवीपासून विहिरीपर्यंत जेवढं होईल तेवढं. ८० च्या वेगात गाडी एका सेकंदाला २२ मीटर जाते, दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक-दीड सेकंद जातो आणि त्यानंतर सुक्या रस्त्यावरसुद्धा थांबायला ३५-४० मीटर लागतात. म्हणजे वळणावर उन्हात कोन अगदी जवळ आल्यावरच दिसले, तर ड्रायव्हर पूर्ण जागा असता तरी ते मागे पडल्यावरच त्याचा पाय ब्रेकला लागला असता. नियमात हे सगळं आहे हो. इंडियन रोड्स काँग्रेसचं एसपी ५५ नावाचं पुस्तकच आहे, आधी लांबून सूचना, मग लेन हळूहळू अरुंद करायची, मग कामाची जागा, मग परत रस्ता मोकळा. डिप्लोमाला परीक्षेत मी त्याची आकृती काढली होती आणि साइटवर कोन गाडीत मावतील तेवढेच नेत होते.

त्या पोराचं जाकीटही सांगते. नंतर त्याच लॉटमधलं एक मी खोलीवर आणलं, दिवा बंद केला, बॅटरी डोळ्याजवळ धरून त्याच्या पट्टीवर मारली. चमकायला हवी होती, नुसती करडी दिसली, धुऊन धुऊन गेलेली. ते जाकीट आणि मातीचं पोतं उन्हासमोर सारखंच दिसणार.

आता बाबा, ड्रायव्हरबद्दल. तुम्ही नेहमी म्हणता, स्टिअरिंग ज्याच्या हातात जबाबदारी त्याची, आणि मी ते खोडत नाहीये. झोप येतेय हे त्याला तासभर आधी कळलेलं असणार, टपरीवर गाडी लावून अर्धा तास पडला असता तर आज तोही घरी असता. वळणावर ऊन डोळ्यांत आलं तर वेग कमी करायचा, पुढचं दिसेना तर थांबायचं, हे त्याचं काम होतं आणि ते त्याने केलं नाही. पण तो पळाला नाही. १०८ ला फोन त्यानेच लावला, मग मोरीच्या कठड्यावर बसून राहिला, हातात पाण्याची बाटली, झाकण उघडतोय, परत लावतोय, प्यायला नाही. चोवीस-पंचवीसचा असेल. पोलीस त्याला नेत होते तेव्हा मला तुम्ही गाडीवर होतात तेव्हाची चोर्ल्याची ती रात्र आठवली. तेव्हाही सगळ्यांनी ड्रायव्हर म्हणून हात झटकले होते ना. मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही, फक्त कळलं एवढं सांगायचं होतं.

त्याला शिक्षा होईल. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर जुन्या दंडविधानाच्या ३०४ अ कलमाला २ वर्षांपर्यंत होती, आता न्याय संहितेच्या १०६ मध्ये ५ वर्षांपर्यंत आहे. पण त्याच्या एकट्याच्या नावावर सगळं टाकून बाकीचे घरी जाऊन जेवले हे मला जमेना. आणि दुसरं म्हणजे त्या मुलाची बायको. ऑफिसात म्हणायला लागले की त्या दिवशी तो आमच्या कामावर नव्हताच, हजेरीपटावर नाव नाही. आई, हजेरी मी घेतली होती, माझ्या वहीत त्याचा अंगठा आहे. कामावर असताना माणूस गेला तर मालकाला भरपाई द्यावीच लागते, १९२३ पासून कायद्यात आहे, आणि तिथे चूक कोणाची हे बघत नाहीत, कामावर होता का एवढंच बघतात. मी गप्प बसले असते तर तेवढंही तिच्या हाती लागलं नसतं. वही मी पोलिसांना दिली, पोच घेतली.

काकांना वाईट वाटेल, त्यांच्या शब्दावर मला काम मिळालं होतं. जबाबात त्यांचं नाव कुठेच नाही, हे तुम्ही त्यांना सांगा. मीच जाऊन सांगणार होते पण पाय उचलत नाहीत. माझ्यावर काही येईल का, तर कदाचित येईल. वकीलबाई भेटल्या, म्हणाल्या स्वतःहून खरं सांगितलंय, घाबरू नका, बोलावतील तेव्हा यायचं. तुम्ही दोघांनी रात्र जागवायची नाही.

खोली तीच आहे. घरमालकीण चांगली आहे, पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की माझेपण दोन उंडे घेऊन ठेवते, दुपारी हुमण-भात मिळतो, मच्छी आईसारखी नाही पण ताजी असते. पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे साइट सेफ्टीचं काम आहे, पगार थोडा कमी, चालेल मला. तिथे कोन किती आणि कुठे हे मी ठरवणार, लिहून घेतलंय त्यांच्याकडून.

बाबा, मी बॉनेटवर बसून यायचे, गोधडी घालूनही चटके बसायचे, आठवतं? डांबरवाले दिसले की तुम्ही लांबूनच गिअर खाली घ्यायचात, मागून पॅसेंजर ओरडले तरी. काम संपवून ते चुना लावलेले दगड रस्त्यातच टाकून जायचे आणि तुम्ही गाडी लावून खाली उतरून ते एकेक कडेला ठेवायचात. मला वाटायचं सगळेच ड्रायव्हर असं करतात.

आणि म्हणूनच आता ऐका. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू अजून राहिलाय, म्हापशाची तारीख परत पुढे ढकलायची नाही. लायसन्स ५ वर्षांचं मिळालं म्हणजे डोळेही ५ वर्षं चालतील असं नाही. मोपाचं विमानतळ झाल्यापासून धारगळच्या रस्त्याला गाड्या कशा सुटतात ते तुम्हीच सांगता. २०२४ च्या मे महिन्यात वेर्ण्याला रस्त्याकडेला झोपलेल्या ४ मजुरांवर रात्री बस गेली, तेव्हा तुम्ही मला मध्यरात्री फोन केला होता ना, कुठे आहेस म्हणून. तसाच जीव माझाही वर-खाली होतो. जत्रा सुरू होतील, दहिकाल्याच्या नाटकाला रात्रीची व्हॅन काढायची नाही. आई, चावी तुझ्या डब्यात ठेव, तांदळाच्या नाही, ते त्यांना माहीत आहे. साखरेची गोळी जेवणाआधी. शुक्रवारच्या बाजाराला बसने जा, बस गेली तर दुसरी येईल.

मी रविवारी येते. चमकणारी पट्टी आणलीय, बाबांच्या सायकलला आणि तुझ्या देवळात न्यायच्या पिशवीला लावून देईन. नाटकाला मीच नेईन, पुढच्या सीटवर बाबा, आणि मी किती वेगाने चालवतेय ते बघायचं, बोलायचं नाही.

तुमची
बायो