बँकांच्या संगणकजाळ्यात आमिषेही असावीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नागरी सहकारी बँकांच्या सायबर सुरक्षेची चर्चा बहुधा हल्लेखोराला बाहेर कसे थोपवावे, येथेच थांबते; तो आत शिरलाच तर ते कधी आणि कशावरून कळणार, हा प्रश्न मागे राहतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरील हल्ल्यात बनावट स्विच (एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणारी यंत्रणा) उभारून एटीएमचे व्यवहार परस्पर मंजूर करण्यात आले आणि एटीएम व स्विफ्ट (बँकांमधील आंतरराष्ट्रीय व्यवहारांचे संदेशजाळे) मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. अशा तयारीसाठी हल्लेखोर यंत्रणेत आधीपासून वावरत असणार, हे उघड आहे.

या वावराचा सुगावा लागावा म्हणून आमिष ठेवण्याची पद्धत जुनी आणि पारखलेली आहे. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत १९८६ मध्ये संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आढळली आणि तिचा माग काढताना खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टोल यांना घुसखोर सापडला. त्याला हाकलण्याऐवजी त्यांनी अमेरिकेच्या क्षेपणास्त्रविरोधी योजनेसंबंधीच्या वाटाव्यात अशा खोट्या फायली रचून ठेवल्या. त्या उतरवून घेण्यात तो इतका वेळ गुंतला, की दूरध्वनीच्या मार्गाने त्याचा माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत लागला. चोरलेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला विकली जात होती, हे नंतर उघड झाले.

आज हे काम कितीतरी सोपे आहे. कोणाच्याही कामाचे नसलेले एखादे प्रशासक खाते, पासवर्डची बनावट फाइल किंवा खऱ्यासारखा दिसणारा सर्व्हर जाळ्यात ठेवता येतो. कर्मचाऱ्याला तेथे जाण्याचे कारणच नसल्याने अशा आमिषाला झालेला प्रत्येक स्पर्श संशयास्पद ठरतो, आणि त्यावरून मिळणारी धोक्याची सूचना नेहमीच्या सूचनांच्या गर्दीत हरवत नाही. यासाठी लागणारी काही साधने मोफत मिळतात, त्यामुळे छोट्या बँकांनाही ती परवडतील.

आमिषे हा फायरवॉल, अद्ययावत सॉफ्टवेअर किंवा लेखापरीक्षणाला पर्याय नव्हे. आमिषाचा सर्व्हर खऱ्या यंत्रणेपासून काटेकोरपणे वेगळा ठेवला नाही, तर तोच हल्लेखोराला पुढची पायरी होऊन बसतो. शिवाय धोक्याची सूचना रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी आली तरी ती पाहून तत्काळ निर्णय घेणारा, तसा अधिकार असलेला माणूस नेमलेला हवा. माझ्या मते खरा खर्च या मनुष्यबळाचा आहे आणि तो टाळता कामा नये. अशी व्यवस्था आपल्या बँकेत आहे का, याचे उत्तर सभासदांनी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत संचालक मंडळाकडे लेखी मागावे.

आपला,
सहकारी बँकेचा एक सभासद, पुणे