सर्टिफिकेटची तारीख आधीच माहीत असते, मग टॉकीज बंद काहून पडते?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी नागपुरातल्या एका जुन्या सिंगल स्क्रीन टॉकीजमध्ये ऑपरेटर आहे, आधी रीळ चालवली आता डिजिटल चालवतो. मागे एका शुक्रवारी आमच्याकडचा बाराचा शो रद्द झाला, पब्लिकनं पैसे वापस घेतले आणि जाताना बूथकडे बघून नको ते बोलली. ते मनाला लागलं हे खरं, पण लिहितोय ते यासाठी का हे सगळं टाळता आलं असतं आणि उद्या दुसऱ्या टॉकीजमध्येही हेच होऊ शकतं.

झालं असं. गुरुवारी रात्री नवीन पिक्चरची हार्डडिस्क आली, लोड झाली, काही अडचण नाही. पिक्चरचं कुलूप उघडायची डिजिटल चावी म्हणजे केडीएम ईमेलवर आली, ती टाकली तर सर्व्हर म्हणजे पिक्चर चालवणारं मशीन घेईना. चावी पाठवणाऱ्यांना फोन केला तर सकाळी दुसरी पाठवतो म्हणाले, सकाळी ती पण घेईना. बारा वाजले, हॉल अर्ध्याच्या वर भरलेला, मालक म्हणाले जाहिराती सुरू कर तोवर येईल चावी. जाहिराती चालल्या, ट्रेलर चालले, राष्ट्रगीत झालं, लोक उभे राहिले, खाली बसले आणि पडदा काळा. सेन्सॉरची पाटीसुद्धा आली नाही कारण ती पिक्चरच्याच फाइलमध्ये असते. आता पब्लिकला वाटणारच ना का मशीन तर चालू आहे, आत्ता जाहिरात दिसली, मग पिक्चर काहून नाही, ऑपरेटर झोपला असेल. जाहिरातीला आणि ट्रेलरला बहुतेक वेळा कुलूप नसतं, पिक्चरला असतं, फरक एवढाच. त्यात खाली कोणीतरी "सर्टिफिकेट संपलं" असं ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर चर्चा का पिक्चर सेन्सॉरनं अडवला!

संपलं होतं ते सर्व्हरचं सर्टिफिकेट. हे काय असतं ते सांगतो, कारण टॉकीजच्या मालकांनाही हे कोणी नीट समजावून सांगत नाही. डिजिटल पिक्चर ज्या गठ्ठ्यात येतो त्याला डीसीपी म्हणतात, शंभर-दोनशे जीबी सहज असतो, आणि तो 128 बिटच्या एन्क्रिप्शननं कुलूपबंद असतो. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंच्या डीसीआय या संस्थेनं 2005 मध्ये डिजिटल पिक्चरचे नियम काढले, आमचा सर्व्हर त्याच नियमांवर चालतो. सर्व्हरच्या आत मीडिया ब्लॉक नावाचं कार्ड असतं, त्यात एक गुप्त चावी कंपनीतच बसवलेली असते, ती बाहेर निघत नाही, कार्ड उघडायला गेलं तर आपोआप पुसली जाते. तिची जोडीदार चावी सर्टिफिकेटमध्ये असते, ते सर्टिफिकेट डिस्ट्रिब्युटरकडे जातं आणि त्यावरून फक्त त्या एका सर्व्हरसाठी केडीएम बनते. म्हणून नागपुरातच सीताबर्डीच्या टॉकीजची चावी सदर भागातल्या टॉकीजला लागत नाही, मल्टिप्लेक्समध्ये तर एका स्क्रीनची बाजूच्या स्क्रीनला लागत नाही. केडीएमला अमुक दिवशी अमुक वाजेपासून अमुक वाजेपर्यंत अशी मुदत असते आणि सर्टिफिकेटलाही असते. त्या दिवशी एक जण मला म्हणाला, भाऊ सर्व्हरची तारीख मागं कर ना. नाही होत बाप्पा, ते घड्याळ पण कुलपातच आहे, नियमानं वर्षभरात सहा मिनिटांच्या वर मागं-पुढं सरकवता येत नाही.

कुलूप नको असं माझं म्हणणं अजिबात नाही. पिक्चर चोरी झाला तर पहिलं नुकसान आमच्यासारख्या टॉकीजचंच होतं, पब्लिक मोबाईलवर बघून मोकळी होते. माझं म्हणणं एवढंच आहे का ज्या दिवशी सर्टिफिकेट बनतं त्याच दिवशी त्याची शेवटची तारीख त्यावर लिहिलेली असते, वर्षानुवर्षं आधी माहीत असते, मग ती आम्हाला नवीन पिक्चरच्या शुक्रवारी चावी फेल झाल्यावर कळावी हे कसं चालतं? सर्व्हर ज्यांचा, त्या कंपनीचं नाव मी घेत नाही कारण मला भांडण नाही करायचं. त्यांनी म्हणे मेल पाठवला होता. तो इंग्रजीत, टॉकीजच्या जुन्या मॅनेजरच्या आयडीवर, तो माणूस नोकरी सोडून गेलेला. बूथमध्ये रात्रंदिवस मशीनसोबत मी असतो, मला एक फोन नाही.

आणि नवीन सर्टिफिकेट टाकलं का झालं असंही नसतं. आमचं सॉफ्टवेअर इतकं जुनं होतं का आधी मधलं व्हर्जन, मग पुढचं, असं पायरी पायरीनं चढवावं लागलं. इंजिनियर शनिवारी संध्याकाळी आला, भला पोरगा होता, रात्रभर बसला. अपग्रेड सुरू असताना लाईट गेली तर कार्डच कामातून जाऊ शकतं म्हणून आम्ही आधी यूपीएस तपासला, हार्डडिस्क ठीक आहेत का बघितलं, सेटिंगचा बॅकअप घेतला. सगळं झालं आणि तरी पिक्चर उघडेना! काहून, तर आलेली केडीएम जुन्या सर्टिफिकेटवर बनलेली आणि डिस्ट्रिब्युटरच्या यादीत आमचं जुनंच सर्टिफिकेट पडलेलं. नवीन यादीत चढलं, नवीन केडीएम बनली, ती रविवारी दुपारी आली. शुक्रवार शनिवार गेला, म्हणजे सिंगल स्क्रीनचा आठवडाच गेला. आमच्याकडे दुसरी स्क्रीन नाही का पब्लिक तिकडे बसवता येईल.

रीळ होती तेव्हा प्रिंट तुटली तर दोन मिनिटांत टेप लावून जोडत होतो, पब्लिक शिट्ट्या वाजवायची आणि पिक्चर पुढे सुरू. आता माझ्या हातात काहीच नाही, पासवर्ड सुद्धा कंपनीकडे. म्हणून सांगणं आमच्याकडून आहे पण करणं त्यांच्याकडून आहे. तारीख संपायच्या सहा महिने आधी टॉकीजला लेखी कळवा, मराठीत कळवा, आणि ऑपरेटरच्या फोनवर पण कळवा. अपग्रेड मंगळवारी नाहीतर बुधवारी सकाळी करा, गुरुवार-शुक्रवारी आणि दिवाळी-ईदच्या आठवड्यात हात लावू नका. नवीन सर्टिफिकेट सगळ्या डिस्ट्रिब्युटरकडे पोचलं का ते बघा, आणि एक कुलूपवाला टेस्ट पिक्चर चालवून दाखवल्याशिवाय इंजिनियरला सोडू नका. सॉफ्टवेअर जुनं राहिलं तर दुसरेही त्रास आहेत, नव्या पद्धतीच्या डीसीपीत कधी सबटायटलच दिसत नाही आणि पब्लिक पुन्हा आमच्याच नावानं ओरडते.

मालक लोकांनाही हात जोडून विनंती आहे. लायसन्सची तारीख, आग विझवायच्या सिलिंडरची तारीख तुम्ही ऑफिसात लिहून ठेवता, तशी सर्व्हरची पण लिहा. शो नाहीत म्हणून सर्व्हर महिनोन् महिने बंद ठेवू नका, मीडिया ब्लॉकमध्ये बॅटरी असते, ती बसली तर गुप्त चावी जाते आणि कार्ड कंपनीकडे पाठवावं लागतं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मी आठवड्यातून एकदा परवानगी काढून सर्व्हर चालू करायला जायचो, रिकामा हॉल, बाहेर पोलीस विचारायचे कुठे चालला, तरी गेलो.

आमच्या बूथमध्ये आता स्विचबोर्डच्या वर जाड मार्करनं नवीन तारीख लिहिली आहे, वेळ पण लिहिली आहे. नागपुरातले, अमरावती-चंद्रपूर-गोंदियातले जे कोणी ऑपरेटर भाऊ हे वाचत असतील त्यांनी आज शेवटचा शो सुटल्यावर पाच मिनिटं थांबून सर्व्हरच्या मेनूत सर्टिफिकेट उघडावं, शेवटची तारीख कागदावर उतरवावी आणि तो कागद उद्या सकाळी मालकाच्या टेबलावर ठेवावा.

आपला,
एक ऑपरेटर, नागपूर