बाबांनी मागवलेला स्टेक

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोहोचल्याचे काल फोनवर कळले, पण जे सांगायचे होते ते फोनवर बोलवले नाही, म्हणून हे पत्र. लग्नाच्या वाढदिवसाला तुम्हाला त्या उंची स्टेकहाउसमध्ये नेण्याचा हट्ट माझाच होता. वेटरने स्टेक, म्हणजे मांसाचा भाजलेला जाड तुकडा, कसा हवा असे विचारल्यावर बाबांनी "पूर्ण शिजवून आणा, वेल डन" असे सांगितले, तेव्हा त्यांचे वाक्य पुरे व्हायच्या आतच "नाही, नाही, मिडियम रेअर आणा" असे म्हणून मोकळा झालो तोही मीच. बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढून मेन्यूकार्डावर ठेवला, एवढेच.

पुढचे दृश्य अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. तापलेल्या ताटलीत लोणी चरचरत होते. बाबांनी पहिला तुकडा कापला तेव्हा आतला लालसर गुलाबी रंग दिसला आणि तांबूस पाण्याचा एक ओघळ बटाट्यांच्या दिशेने निघाला. आईने पावाचा तुकडा त्या ओघळापुढे बांधासारखा ठेवला आणि हळूच विचारले, "रक्त आहे का रे?" मी म्हणालो, "खा गं, काही होत नाही." एवढ्याने कोणाचे समाधान होणार होते?

आई, ते रक्त नव्हते. जनावर कापले जाते तेव्हाच बहुतेक सगळे रक्त निघून जाते. स्टेकमधून ओघळते ते स्नायूंमधले पाणी, आणि त्याला लाल रंग येतो तो मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनामुळे. स्नायूंमध्ये प्राणवायू साठवून ठेवणे हे या प्रथिनाचे काम, आणि मांस साधारण ६० अंश सेल्सियसच्या पुढे तापू लागले की त्याचा रंग तपकिरी होत जातो. मिडियम रेअरमध्ये आतले तापमान ५५ अंशांच्या आसपास असते, तर वेल डनमध्ये ७० च्या पुढे जाते. मधल्या या पंधरा अंशांत मांसाचे तंतू आक्रसतात आणि त्यांतले पाणी पिळून निघाल्यासारखे बाहेर येते. त्या स्टेकहाउसमधले मांस शून्याच्या किंचित वर तापमान असलेल्या खोलीत २८ दिवस उघडे ठेवून मुरवलेले होते. त्या काळात पाणी उडून चव दाट होते, मांसातलीच विकरे (एन्झाइम्स) तंतू सैल करतात, आणि वरचा वाळून काळपट झालेला थर कापून टाकावा लागत असल्याने वजनही बरेच घटते. त्या जेवणाच्या महागाईचे एक कारण हेच. एवढी मेहनत शेवटच्या दहा मिनिटांत कोरडी पाडायची, हे मला पटत नव्हते, आणि खरे सांगायचे तर अजूनही पुरते पटलेले नाही.

पण परत आल्यावर जे वाचले त्याने माझी ऐट उतरली. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला असा आहे की अखंड स्टेकचे आतले तापमान निदान ६३ अंशांपर्यंत जावे आणि मग तो तीन मिनिटे तसाच ठेवावा. खिम्यासाठी ही मर्यादा ७१ अंश आहे, कारण पृष्ठभागावरचे जंतू खिमा करताना आतपर्यंत मिसळतात. म्हणजे मी जाणकाराच्या थाटात मागवलेला मिडियम रेअर त्या मर्यादेच्या खालीच होता, आणि तुमच्या वयाच्या माणसांनी तर ती अधिकच पाळायला हवी. बाबांच्या मागणीत मला त्या क्षणी अडाणीपणा दिसला, हे लिहिताना लाज वाटते.

दुसरी चूकही माझीच. बाबांची कवळी ठाऊक असताना मी रिबआय, म्हणजे फासळ्यांजवळचा तुकडा, मागवला, ज्यात चरबी भरपूर आणि मधेमधे चिवट पडदेही असतात. टेंडरलॉइन मागवायला हवे होते. कण्यालगतच्या त्या स्नायूला जनावराच्या हयातीत फारसे कामच नसते, म्हणून तो इतका मऊ राहतो. तो वेल डन हवा असेल तर आचारी जाड तुकडा मधून चिरून पुस्तकासारखा उघडतात, म्हणजे आतपर्यंत शिजेतो बाहेरून करपत नाही. बाबांनी दोन घास बटाट्यांखाली सारलेले वेटरने पाहिले होते आणि स्टेक पुन्हा भट्टीवर ठेवून आणू का, असे त्याने अदबीने विचारलेही होते. तेव्हाही "नको" म्हणालो तो मीच, आणि ते मला सर्वांत जास्त खुपते.

बाबा, मला क्षमा करा. पुढच्या खेपेला तुम्ही आलात की तिथेच जाऊ, आणि वेटर विचारील तेव्हा मी मेन्यूकार्डात तोंड खुपसून बसेन. कवळी डावीकडे टोचते असे तुम्ही निघताना म्हणाला होतात. ती दाताच्या डॉक्टरांना दाखवलीत का, ते आईला फोनवर सांगायला सांगा.

तुमचा,
बंडू